मोठीआईचा रांजण

माझी मोठीआई कधी जन्मली याची नोंद कुठंच नाही. निजामाच्या राज्यात, गोदाकाठच्या लहान गावात, कुणब्याच्या घरी पोरगी झाली तर ती कोण लिहून ठेवणार? ती सांगायची, "मानमोडीच्या साली मी पाळण्यात व्हते." मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. तिच्यात घरोघरची माणसं गेली. त्यावरून हिशोब धरला तर तिचा जन्म १९१७ च्या आसपासचा. लग्न झालं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. तेही तिला साल म्हणून आठवत नव्हतं. "त्या साली हरभऱ्याला घाटे लई लागले व्हते," एवढंच आठवायचं.

आजीला आम्ही मोठीआई म्हणायचो. तिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी माणूस. इतिहास लिहिणं हे माझं काम नाही. पण संस्थान गेलं, दुष्काळ आला, धरण आलं, हे सगळं आमच्या घरात तिच्या अंगावरून गेलं. ते मी नाही लिहिलं तर कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलो.

आमचं जुनं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, चार कोसांवर. घराच्या दारात, ओट्याला लागून एक मोठा दगड होता. त्याला मधोमध खोलगट वाटोळं टाकलेलं. त्यात मातीचा रांजण बसवलेला असायचा. तो रांजण घरच्या पाण्याचा नव्हता, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याचा. नाथषष्ठीला गंगापूर, वैजापूरकडच्या दिंड्या आमच्या दारावरून पैठणला जायच्या. वारकरी थांबायचे, पाणी प्यायचे, पायावर ओतून घ्यायचे. मोठीआई पहाटे उठून नदीवरून पाच-सहा खेपा करायची, तेव्हा कुठं तो रांजण भरायचा. दिंड्या फाल्गुनातच यायच्या. रांजण मात्र बारा महिने भरलेला.

पैठणला नाथांच्या वाड्यातही रांजण आहे. भगवंत श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी राहिला आणि त्यानं कावडीनं पाणी भरलं, अशी कथा आहे. तुकाराम बीजेपासून तो रांजण भरायला घेतात. बायामाणसं, पोरंसोरं गोदावरीच्या घागरी आणून ओततात. ज्याच्या घागरीनं तो भरून वाहतो, त्याच्या घरी देव पाण्याला होता असं मानतात. मग षष्ठीचा सोहळा, आणि अष्टमीला काला होऊन यात्रा संपते. मोठीआईला वाटायचं, नाथांकडं एक रांजण आहे तसा आपल्या दारात एक असावा. त्यापलीकडं तिनं त्याचा अर्थ लावला नाही.

नाथांच्या सगळ्या कथा तिला पाठ होत्या, पण तिचं लक्ष भलतीकडंच असायचं. नाथांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्यांना वाढवलं. पुढं बारा-एक वर्षांचे असताना ते घरात कोणाला न सांगता देवगडाला जनार्दनस्वामींकडं गेले. इथवर आलं की कीर्तनकार नाथांबरोबर देवगडाच्या वाटेला लागायचे. मोठीआई मात्र मागंच पैठणात राहायची. "त्या म्हातारीनं त्या राती चूल पेटवली असंल का रं?" असं ती मला विचारायची. मला पाच-सहा वर्षांच्या पोराला काय सांगता येणार? चक्रपाणींचं नाव कीर्तनात ऐकू यायचं, त्या आजीचं नाव मी फारसं ऐकलं नाही. मोठीआई तिला "नाथाची म्हातारी" म्हणायची आणि शेजारची बाई असल्यासारखी तिची काळजी करायची.

मीही आईविना वाढलो, म्हणून ती गोष्ट तिला जास्त लागत असावी. पण त्याच्या आधीचं आधी सांगतो.

आमच्या गावासमोरची नदी म्हणजे त्या काळी सरहद्द होती. अलीकडं हैदराबाद संस्थान, पलीकडं शेवगाव तालुका, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. अलीकडं हाली सिक्का चालायचा, पलीकडं कलदार. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तो पलीकडच्या काठापर्यंत. अलीकडं निजामच होता. रझाकारांची दहशत वाढली तशी काठावरची माणसं रातोरात नदी उतरून पलीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांकडं जायला लागली. १९४८ च्या उन्हाळ्यात आमचं घरही निघालं.

मोठीआई तेव्हा तिशीची. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, मागं माझे दहा वर्षांचे वडील, पुढं आजोबा आणि त्यांच्यामागं सासू, म्हणजे माझी पणजी. पणजी करडी बाई होती. मोठीआईच्या कपाळावर डाव्या बाजूला एक खूण होती, ती पणजीनं फेकून मारलेल्या उलथन्याची. त्या रात्री नदीला मांडीएवढं पाणी होतं. निम्म्यात गेल्यावर पणजीचा पाय वाळूत रुतला आणि ती घाबरून खाली बसायलाच लागली. आजोबा पुढं गेलेले. आवाज द्यायची सोय नव्हती. मोठीआईनं ज्वारीचं गाठोडं पाण्यात सोडून दिलं आणि सासूला पाठीवर घेतलं. पलीकडं गेल्यावर सासू पहिलं वाक्य काय बोलली? "ज्वारी टाकून आली का?"

हे सांगताना मोठीआई खदखदून हसायची. मला लहानपणी पणजीचा राग यायचा. आता वाटतं, चार महिने पाहुण्याच्या दारात खायचं होतं; ज्वारीची काळजी तिला असणारच.

आमची दोन बैलं आणि म्हैस गावातच राहिली होती. ती शेजारच्या मुसलमान चाचानं सांभाळली. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. त्याला आपल्याकडं पोलीस ॲक्शन म्हणतात. आम्ही परत आलो तर जनावरं दावणीला, पोट भरलेली. पण त्याच दिवसांत मराठवाड्यात ठिकठिकाणी सूड घेणं सुरू झालं. रझाकारांनी केलं त्याची भरपाई ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याकडून होऊ लागली. पुढं सरकारनं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली, ती याच्याचसाठी. आमच्या चाचाच्या घरात दिवस भरलेली चाची होती. आजोबा म्हणाले, आपण मधी पडायला नको. मोठीआई काही बोलली नाही. दिवेलागणीला गेली आणि चाचीचा हात धरून घेऊन आली, मागून चाचा. तीन रात्री ते दोघं आमच्या कणगीच्या खोलीत होते. तिसऱ्या रात्री चाचीला मुलगी झाली. नाळ मोठीआईनं कापली. सासूनं तिच्या हातचं पाणी पंधरा दिवस घेतलं नाही.

त्या सासूला दोन वर्षांनी वारं गेलं. उजवी बाजू पूर्ण लुळी पडली, जीभ जड झाली. तिथून अकरा वर्षं ती बाजेवर होती. १९५० ते १९६१. अकरा वर्षं म्हणजे किती, ते लिहून कळत नाही. रोज दोन वेळा कूस बदलायची. रोज अंग पुसायचं. घाण काढायची, गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या, पावसाळ्यात त्या चुलीपाशी वाळवायच्या. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून राखेची मऊ पुरचुंडी करून खाली द्यायची. भाकरी दुधात कुस्करून घास घास भरवायचा. घास तोंडात फिरत नसला तर बोटानं फिरवायचा. आणि हे सगळं करून शेतात खुरपायला जायचं. माझ्या वडिलांच्या पाठची तिची दोन लेकरं त्याच काळात झाली आणि गेली.

त्या अकरा वर्षांत ती एकदाही नाथषष्ठीला गेली नाही. पैठण चार कोसांवर. अख्खं गाव जायचं. दारावरून दिंड्या जायच्या. त्यातल्या माळकरी बाया म्हणायच्या, "चल की गं, एका दिवसाचं तर हाये." ती त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, "नाथ काय म्हाताऱ्या माणसाला सोडून ये म्हनतो का?" पंढरपूर तर लांबच राहिलं. माळ मात्र तिनं लहानपणीच घातली होती. एकादशी मोडली नाही आणि गळ्यातली माळ काढली नाही.

नाथषष्ठी ही साधी तिथी नाही. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांच्यावरचा दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींची समाधी आणि १५९९ सालची नाथांची जलसमाधी, असे पाच प्रसंग फाल्गुन वद्य षष्ठीला जुळतात असं मानतात. अशा दिवशी घरात गोधड्या धूत बसलेल्या बाईला काय वाटत असेल? मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "वाटायचं तर काय. रडू बी यायचं. पर मग टाळ ऐकू यायचे आन् म्हातारी बाजंवरून डाव्या हातानं टाळी धरायची. मग मी बी धुता धुता धरायची."

१९६१ ला पणजी गेली. १९६२ च्या जानेवारीत माझी आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मी दोन वर्षांचा. वडिलांनी पुढं दुसरं लग्न केलं आणि ते सासरवाडीला राहू लागले. मी मोठीआईजवळ राहिलो. त्या फाल्गुनात ती अकरा वर्षांनी पैठणला गेली ती मला कडेवर घेऊन. गर्दीत मी इतका रडलो की समाधीपर्यंत तिला जाताच आलं नाही. नदीच्या वाळवंटातून कळस बघून ती परत आली. हे तिनं मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, हसत सांगितलं. "माझी षष्ठी तू रडून घालवली," असं म्हणायची.

बाहत्तरचा दुष्काळ मला चांगला आठवतो, मी बारा वर्षांचा होतो. ७१ ला पाऊस कमी झाला होता, ७२ ला पडलाच नाही. गोदावरीची नुसती वाळू राहिली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, नाला बांध, रस्ते, पाझर तलाव. पैठणला धरणाचं काम चालूच होतं, तिकडंही माणसं लागली. याच सगळ्यातून पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. मोठीआई पंचावन्न वर्षांची होती, खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा, अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी तव्यावर चिरायची आणि खाल्ली की घसा खरवडायचा. ती स्वतःची सुकडी पदरात बांधून आणायची. निम्मी मला, निम्मी गल्लीतल्या एका बाळंतिणीला.

पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे खणायचे. पुरुषभर खोल गेलं की पाणी झिरपायचं. वाटीनं उपसायचं, एक घागर भरायला तासभर. प्रत्येक वस्तीचा झिरा वेगळा. एप्रिलमध्ये बौद्धवस्तीचा झिरा आटला. त्यांच्या बाया आमच्या झिऱ्यापासून लांब, उन्हात घागरी घेऊन बसल्या होत्या. कोणी वाढलं तर घ्यायचं, नाहीतर बसून राहायचं. त्यांच्यातल्या एकीचं लेकरू वाळूवर उघडं बसलेलं होतं. मोठीआई झिऱ्यातून वर आली, त्या बाईला म्हणाली, "उतर खाली आन् भरून घे. पोराचे पाय भाजून राह्यले." दोन-तीन बायांनी घागरी आपटल्या, पाणी ओतून दिलं, निघून गेल्या. संध्याकाळी चार माणसं आजोबांकडं आली. मोठीआई आतून म्हणाली, "नाथानं याच वाळूतलं लेकरू उचललं व्हतं. ते तुम्ही कीर्तनात रडून ऐकता. मंग आज काय झालं?" माणसं उठून गेली. झिरा दोन्ही वस्त्यांचा झाला. पाऊस पडेपर्यंत तसा राहिला.

पण मला खोटं लिहायचं नाही. त्याच मोठीआईनं आमच्या घराच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला वेगळा ठेवला होता, त्या वस्तीतलं कोणी आलं तर चहाला. मी मोठा झाल्यावर तिच्याशी त्यावरून भांडलो. ती गप्प बसली. तो पेला बरीच वर्षं तिथंच होता. एक दिवस दिसला नाही. मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. नाथांच्या गोष्टीतलं लेकरू उचलायला तिला एक क्षण लागला होता. तो पेला काढायला बारा वर्षं लागली.

धरण मूळचं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला व्हायचं होतं, म्हणून त्याचं नाव जायकवाडी. झालं पैठणला. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली. शंकरराव चव्हाणांनी ते मनावर घेतलं. दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधी आल्या आणि धरण देशाला अर्पण झालं. ते शंभर टीएमसीचं पाणी २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यानं पार परभणीकडं गेलं. तिकडची रानं भिजली, हे चांगलंच झालं. धरणाला नाथसागर नाव मिळालं. त्या सागराच्या पोटात शंभराहून जास्त गावं आहेत, त्यांत आमचं एक.

मोजणीला माणसं आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यांनी घर मोजलं, गोठा मोजला, विहीर, लिंबाची दोन झाडं, बाभळी पाच, बोर एक. सगळं आजोबांच्या नावावर लिहिलं. मोठीआई मागं मागं फिरत होती. शेवटी म्हणाली, "साहेब, रांजणाचा दगड ऱ्हायला." लिहिणारा हसला. म्हणाला, "आजी, दगडाचे पैसे नसतात." ती म्हणाली, "पैसे नका देऊ, नुसता लिहा." त्यानं लिहिला की नाही, ठाऊक नाही.

१९७५ च्या उन्हाळ्यात आम्ही उठलो. सामान बैलगाड्यांत भरलं. कवाडं, चौकटी, वाशे, पत्रे काढून घेतले. दगड दोन माणसांना उचलेना, तो राहिला. रांजण वाटेत फुटला. निघायच्या दिवशी पहाटे मी उठलो तर मोठीआई घर सारवत होती. छप्पर नाही, कवाड नाही, नुसत्या भिंती आणि ती शेण कालवून जमीन सारवते आहे. चुलते चिडून म्हणाले, "पाण्यात जाणारं घर कशाला सारवती?" ती म्हणाली, "माणूस गेलं तरी आंघोळ घालतोच की."

नवीन गाव माळावर वसलं. नदी नाही, सावली नाही, वारा सुटला की धूळ भाकरीवर. ७६ ला मी दहावी झालो आणि त्या माळाला, घरातल्या कुरबुरीला कंटाळून एक दिवस औरंगाबादला निघून गेलो. कोणाला सांगितलं नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल ते काम करत आठ महिने राहिलो. एक चिठ्ठीही टाकली नाही. दिवाळी आली आणि गेली. शेवटी गावचा एक माणूस भेटला. तो म्हणाला, "तुझी म्हातारी रोज संध्याकाळी फाट्यावर येऊन बसती. शेवटची एसटी गेली का घरी जाती." मी दुसऱ्या दिवशी परत आलो. ती चिडली नाही, रडली नाही. तिनं चूल पेटवली. तेव्हा मला नाथाच्या म्हातारीची गोष्ट आठवली आणि लहानपणी तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कळलं. त्या रात्री चूल पेटली नसणार.

शेवटची तीन वर्षं ती जागेवर होती. १९९५ ला अंगणात पडली, त्यानंतर उभी राहिली नाही. नजरही गेली. माझ्या बायकोनं तिचं सगळं केलं. मी काय केलं? डॉक्टर आणला, औषधं आणली, रात्री कधी उशाशी बसून एकनाथी भागवत वाचून दाखवलं. लोक म्हणायचे, काय नातू आहे! मला बरं वाटायचं. तिची घाण मी एकदाही काढली नव्हती. ते बाईमाणसाचं काम, असं घरात कोणी बोललं नव्हतं, पण धरलेलं तसंच होतं.

दुसऱ्या वर्षी बायकोची आई वारली. ती माहेरी गेली, तेराव्यापर्यंत येणार नव्हती. शेजारची एक बाई सकाळी येऊन करून जायची. एक दिवस ती आली नाही. नऊ वाजले, दहा वाजले. खोलीतून वास यायला लागला. मोठीआई हाक मारत नव्हती. मी उंबऱ्यावर उभा होतो आणि मला आत जाववत नव्हतं, हे मी लिहितो आहे. शेतात चिखल, शेण, मेलेलं जनावर, कशाची मला किळस नाही. आणि जिच्या मांडीवर वाढलो तिच्या खोलीत पाय पडत नव्हता.

शेवटी पाणी तापवलं आणि गेलो. पावलांवरून तिनं ओळखलं. म्हणाली, "तू काहून आला? कोन्या बाईला बलीव." मी म्हटलं, "कोणी नाही." तिनं तोंड भिंतीकडं केलं. मला लुगडं सोडता येईना, हात थरथरत होते. तेव्हा तीच म्हणाली, "पाणी आधी आपल्या हातावर घे. गरम हाये का बघ." मग एक एक सांगत गेली. कूस अशी बदल, हात खांद्याखाली घाल, फडकं पिळून घे. मी करत गेलो. सगळं झाल्यावर बाहेर जाऊन मी ओकलो. परत आलो तर ती म्हणाली, "मला बी पहिल्या दिवशी उलटी झाली व्हती. गोठ्यामागं जाऊन केली. सासूला कळू देली नाही. मंग सवय झाली."

हे ती कधीच बोलली नव्हती. मला वाटायचं तिला देवानंच तसं घडवलं, तिला काही वाटतच नसेल. मी विचारलं, "पणजी तुला एवढी छळायची. कपाळावर खूण आहे अजून. मग अकरा वर्षं कशी केलीस?" तिनं थोडा वेळ घेतला. म्हणाली, "मारणारा हातच लुळा पडला व्हता. मंग राग कोणावर धरू?"

बायको परत आल्यावरही एक वेळचं मी करत राहिलो. उलटी परत झाली नाही. १९९८ च्या श्रावणात मोठीआई गेली. शेवटची आंघोळ बायांनी घातली, पाणी मी आधी हातावर घेऊन पाहिलं. बाया म्हणाल्या, आता गरम काय आणि गार काय.

२०१९ च्या उन्हाळ्यात धरणातला उपयुक्त साठा संपला, पाणी मागं सरकत गेलं आणि जुन्या गावाची जागा उघडी पडली. बरीच माणसं आपापली घरं बघायला गेली. मीही मुलाला घेऊन गेलो. गाळाला भेगा पडलेल्या, मारुतीच्या पाराचे दगड वर आलेले, लिंबाची बुडखी काळी पडलेली. आमच्या घराच्या जागी नुसता ओट्याचा चिरा दिसत होता. तिथं टिकावानं उकरलं. हातभर गाळाखाली तो दगड निघाला, खोलगट भागात शिंपले भरलेले. पुढच्या आठवड्यात पाच-सहा जणांनी तो ट्रॅक्टरवर चढवून आणला. आता आमच्या नव्या दारात आहे. वर बाजारातून आणलेला रांजण बसवला आहे. दिंड्यांतली तरुण पोरं बाटलीचं पाणी पितात, म्हाताऱ्या बाया मात्र थांबतात.

यंदा फाल्गुनात माझी बायको पडली, खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरला ऑपरेशन करून घरी आणली. सून कामाला जाते, मुलगा शेतात. सकाळचं मीच करतो. षष्ठीच्या आदल्या दिवशी दिंड्या दारावरून गेल्या. रांजण भरून ठेवला होता. आमच्या दिंडीतला जुना सोबती पाणी पिता पिता म्हणाला, "काय, यंदा षष्ठी चुकली म्हणायची?"

मी म्हटलं, "नाही चुकली." आणि चुलीवरचं पाणी तापलं का बघायला आत गेलो.